शेवरोले 3100 च्या बॉनेटसाठी नव्या बिजागऱ्या : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

आमच्या डिचोलीच्या घरी 1951 च्या बनावटीची शेवरोले 3100 पिकअप आहे आणि तिच्या बॉनेटच्या दोन्ही बिजागऱ्या मी यंदाच्या उन्हाळ्यात बदलल्या. जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने घडवलेल्या या बिजागऱ्या अमेरिकेतून मागवल्या होत्या. स्प्रिंगांसह जोडीची किंमत 140 डॉलर होती आणि कुरियर व आयातशुल्क धरून ती दारात येईपर्यंत सुमारे 22,000 रुपये झाले. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण चार-पाच दुकानांच्या संकेतस्थळांवर मला हुबेहूब याच बिजागऱ्या वेगवेगळ्या खोक्यांत दिसल्या आणि त्यांतल्या एकालाच बोल लावण्यात अर्थ नाही. माल वापरण्याजोगा आहे, परंतु खोक्यातून काढून थेट गाडीवर चढवण्याजोगा नाही. हे वेळीच न कळल्यामुळे मला बॉनेटचा एक कोपरा डेंटरकडून ठोकून घ्यावा लागला.

शेवरोलेने ॲडव्हान्स डिझाइन नावाची ही मालिका 1947 च्या मध्यास काढली आणि 1955 च्या सुरुवातीपर्यंत चालवली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राजवट होती. भारताने पन्नासच्या दशकात घातलेल्या आर्थिक नाकेबंदीच्या काळातही मुरगाव बंदरात परदेशी गाड्या उतरतच राहिल्या. आमची पिकअप आजोबांनी साखळीच्या दुकानासाठी घेतली होती. 216 घनइंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन अजून मूळचेच आहे. पूर्वीच्या अनेक गाड्यांची बॉनेटे मधल्या शिरेवरून दोन्ही बाजूंना पंखांसारखी उचलली जात. या पिकअपचे बॉनेट मात्र एकसंध असून मगरीच्या जबड्यासारखे पुढून वर उघडते. ही सोय चांगली आहे, पण त्या रुंद, जाड पत्र्याच्या तुकड्याचा सगळा भार मागच्या दोन बिजागऱ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा यांच्यावरच येतो. आमच्या डाव्या स्प्रिंगचा आकडा गंजून तुटला होता आणि गेली तीन वर्षे आम्ही बॉनेटला बांबूचा टेकू देत होतो.

अमेरिकेत बॉनेटला हूड म्हणतात, आणि आपल्याकडे हूड म्हणजे जीपचे कापडी छत. म्हापशाच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात मी संकेतस्थळावरचेच शब्द उच्चारून हूडच्या बिजागऱ्या मागितल्या, तेव्हा दुकानदाराने मोठ्या उत्साहाने छताच्या नळ्यांच्या क्लिपा काढून समोर ठेवल्या. त्यानंतर मी माल बाहेरून मागवण्याचे ठरवले.

बॉनेटची बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी एका खिळ्यावर फिरत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तिच्यात एकमेकींना रिव्हेटांनी जोडलेल्या पट्ट्या असतात आणि त्या फिरताना बॉनेटची मागची कड आधी किंचित वर व पुढे सरकून मगच फिरते. तसे झाले नाही तर ती कड काचेखालच्या पत्र्यावर, म्हणजे मेस्त्री ज्याला काऊल म्हणतात त्यावर, आपटेल. बॉनेट पूर्ण उघडे असताना स्प्रिंग सर्वांत सैल असते आणि मिटताना ताणली जाते. पट्ट्यांचे सांधे मोकळे असले तर हाताचा दाब त्यांच्यातून वाहत जातो. ते अडकलेले असले तर तोच दाब बॉनेटच्या पत्र्याला वाकवतो, आणि पत्रा वाकतो तो बिजागरीच्या बोल्टांच्या किंचित पुढे, जिथे आतला आधार संपतो. जुन्या पिकअपच्या बॉनेटांवर मागच्या कोपऱ्यांजवळ आडवी घडी दिसते, तिचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

खोके उघडल्यावर पहिले मत चांगले झाले. डावी-उजवी अशा खुणा होत्या, स्प्रिंगांचे आकडे नीट वळवलेले होते आणि रिव्हेटांत आडवी हालचाल जवळपास नव्हती. आमच्या जुन्या बिजागरीचे टोक हाताने हलवले की ते 4 मिलिमीटर तरी डुलत असे, त्या मानाने हा माल घट्ट होता. पुढे कळले की त्या घट्टपणापैकी निम्मा रंगाचा होता. पट्ट्या जोडून झाल्यावर संपूर्ण बिजागरीवर काळा पावडर कोट चढवला होता आणि तो सांध्यांच्या फटींत जाऊन कडक झाला होता. पत्रा मूळच्या बिजागरीपेक्षा थोडा पातळ आहे आणि उजव्या बिजागरीचे एक भोक जागच्या जागी बसत नाही. गोल कानशीने ते सुमारे 2 मिलिमीटर लांबवावे लागले. बाहेरच्या मालाला इतके करावेच लागते, त्यामुळे त्याबद्दल मी गुण कापत नाही.

बोल्ट खोक्यात नव्हते. त्याबद्दल मात्र कापतो, कारण इथेच आपल्याकडचा नवखा माणूस फसतो. या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. बिजागरीला 5/16 इंचाचे, इंचाला 18 आट्यांचे बोल्ट लागतात आणि त्यांना अर्ध्या इंचाचा पाना चालतो. बाजारात कुठेही मिळणारा 8 मिलिमीटरचा बोल्ट जाडीला अगदी तेवढाच दिसतो, कारण 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर. पण त्याच्या दोन आट्यांमधले अंतर 1.25 मिलिमीटर असते आणि इंचाच्या बोल्टचे 1.41. तो दोन-तीन फेरे गोडीने आत जातो, मग जड होतो, आणि गंजामुळे जड झाला असेल असे समजून जोर लावला की पत्र्यात बंदिस्त असलेल्या नटाचे आटे कायमचे जातात. आमच्या गाडीचा एक नट पूर्वी कोणीतरी याच प्रकारे घालवलेला सापडला.

आता माझ्या चुकीकडे येतो. जुन्या बिजागऱ्या काढण्याआधी त्यांच्या कडेने टोकदार सुईने पत्र्यावर रेघ ओढली, हे बरोबर केले. मडगार्डांवर आणि काऊलच्या कोपऱ्यांवर जुन्या चादरी पसरल्या, धाकट्या भावाला दुसऱ्या बाजूला उभे केले, हेही बरोबर केले. पण नव्या बिजागऱ्या स्प्रिंगांसहच बसवल्या, आणि बॉनेट पहिल्यांदा मिटताना ते अर्ध्यावर अडले तेव्हा नवी स्प्रिंग आहे, जड असणारच, असे म्हणून दोघांनी मिळून वरून दाबले. ‘टक्’ असा अगदी लहानसा आवाज आला. बॉनेट मिटले, पण उजवा मागचा कोपरा काऊलपासून बोटभर वर राहिला आणि त्याच्या पुढे, रंगाखाली, करंगळीएवढ्या लांबीची उभारी दिसू लागली. उजेडात तिरके पाहिल्याशिवाय ती कळत नव्हती. मला मात्र दुसऱ्या दिवशी दिव्याशिवायही दिसत होती.

मी बिजागरी खाली घेतली. कोपरा तसाच राहिला. आणखी खाली घेतली, तर मडगार्डजवळची फट पुढे 4 आणि मागे 9 मिलिमीटर अशी विस्कटली, तरी कोपरा वरच. तेव्हा डिचोलीतच खाणीच्या ट्रकांवर आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध मेस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी बॉनेट एकदा उघडले, एकदा निम्मे मिटले आणि बिजागरीकडे नीट पाहण्याआधीच म्हणाले, “पयलीं स्प्रिंगां काडात.” दोन्ही स्प्रिंगा काढल्या, बॉनेट हळूच टेकवले, आणि तोच कोपरा जवळजवळ पूर्ण खाली बसला.

दोष ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. स्प्रिंग काढल्यावरही कोपरा वरच राहत असेल तर दोष बिजागरीच्या जागेचा असतो आणि बोल्ट सैल करून तो सुधारता येतो. स्प्रिंग काढल्यावर कोपरा बसत असेल तर बोल्टांना हात लावण्याचे कारण नाही, कारण तिथे सांधे कडक आहेत किंवा स्प्रिंग गरजेपेक्षा जोरदार आहे. आमच्याकडे दोन्ही होते.

सांधे मोकळे करायला दीड दिवस लागला. बिजागऱ्या रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवल्या. सकाळी एकेक शिकंजात धरून, स्प्रिंग नसताना, पूर्ण उघडत आणि पूर्ण मिटत राहिलो. पहिल्या पंधरा-वीस फेऱ्यांत काही फरक पडला नाही, आणि मग रिव्हेटांच्या डोक्यांभोवतून रंगाच्या काळ्या पापड्या बाहेर येऊ लागल्या. पुन्हा डिझेल, पुन्हा फेऱ्या, कपड्याने पुसणे, असे करत दुपारपर्यंत पट्टी सोडली की ती स्वतःच्या वजनाने खाली येऊ लागली. नवी बिजागरी गाडीवर चढवण्याआधी हातात धरून ही परीक्षा घ्यावी. पट्टी जागच्या जागी थांबत असेल तर ती बिजागरी अजून तयार नाही. कारखान्याने आधी रंग आणि मग जोडणी असा क्रम ठेवला असता, किंवा रंगाऐवजी फॉस्फेटचा पातळ मुलामा दिला असता, तर हे सगळे टळले असते. इथे मात्र मी पूर्ण गुण कापतो, कारण खोक्यातल्या कागदावर याबद्दल एक अक्षरही नाही.

स्प्रिंगा परत चढवण्याची मेस्त्रींची रीत सांगण्यासारखी आहे. स्प्रिंग नुसती पकडीने ओढून आकड्यात अडकवू पाहणे धोक्याचे आहे. सुटली तर ती बोट मोडेल किंवा समोरची काच. बॉनेट जोडलेले नसताना स्प्रिंग लावलेली बिजागरी तर मुळीच हाताळू नये, कारण ती उसळून उघडते आणि मग हाताने मिटत नाही. त्यांनी स्प्रिंगचे एक टोक शिकंजात धरले, दुसरे टोक आकड्याने ओढून ताणले, आणि वेटोळ्यांमध्ये पडलेल्या फटींत मला एकेक चार आण्याचे नाणे सरकवायला लावले. ही 25 पैशांची नाणी 2011 मध्ये चलनातून गेली. मेस्त्रींकडे ती एका दुधाच्या डब्यात भरून आहेत आणि याच कामासाठी जपलेली आहेत. ओढ सोडली तरी नाण्यांमुळे स्प्रिंग लांबच राहते, मग ती दोन्ही आकड्यांत सहज बसते. त्यानंतर बॉनेट हळूहळू खाली आणले की स्प्रिंग पुन्हा ताणली जाते आणि नाणी सैल होऊन खाली ठेवलेल्या परातीत टपटप पडतात. काढताना हेच उलट करायचे: बॉनेट निम्मे मिटवून फटींत नाणी भरायची आणि पूर्ण उघडले की स्प्रिंग हातात येते. नाण्यांऐवजी वॉशर चालतात, आणि त्यांच्यातून दोरा ओवता येत असल्यामुळे ते हरवत नाहीत. आम्ही उजव्या बाजूला बावीस नाणी घातली होती आणि परातीत एकवीसच मिळाली.

जुळणीचा क्रमही तेव्हाच पक्का झाला. आधी पुढचा भाग पाहावा लागतो, कारण रेडिएटरच्या चौकटीखालची किंवा केबिनखालची रबरे दबून चपटी झालेली असतील तर मडगार्डे आणि केबिनच एका रेषेत नसतात, आणि तो दोष बिजागरीने भरून काढू पाहणारा माणूस दिवसभर गोल फिरत राहतो. आमची दोन रबरे बदलावी लागली. मग स्प्रिंगांशिवाय आणि पुढची कडी काढून ठेवून बॉनेट बसवले. कडी काढण्याचे कारण इतकेच, की जुळणी चुकीची असताना ती एकदा अडकली तर बॉनेट उघडण्याचा मार्गच उरत नाही. बोल्ट हलके आवळलेले, म्हणजे बॉनेट तळहाताने ढकलले तर सरकेल पण आपणहून घसरणार नाही, इतपतच. बॉनेटकडच्या बोल्टांनी ते पुढे-मागे सरकते आणि केबिनकडच्या बोल्टांनी मागची कड वर-खाली होते. एका वेळी एकाच बाजूचा, एकाच प्रकारचा बदल करावा. पुढच्या टोकाची उंची बिजागरीचा प्रश्न नाहीच, ती कडी आणि रबरी ठोकळे यांनी ठरते. फट दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटरच्या आसपास आल्यावर बोल्ट पूर्ण आवळले आणि प्रत्येक बिजागरीतून मागच्या पत्र्यापर्यंत 3 मिलिमीटरचे एक भोक पाडून ठेवले. पुढे कधी बिजागरी काढावी लागली तर त्या भोकात ड्रिलचा दांडा घातला की जागा मिळते, आणि पुन्हा जुळणी करावी लागत नाही. सर्वांत शेवटी स्प्रिंगा आणि मग कडी. कोपऱ्याची उभारी डेंटरने 3,500 रुपयांत काढली. रंग थोडा वेगळा दिसतो, पण ते मलाच.

स्प्रिंगांचा जोर मात्र अजून खटकतो. कडी सुटली की बॉनेट हाताला न जुमानता वर जाते, म्हणून उघडताना एक हात वर ठेवावाच लागतो. आमच्या घरात इतर कोणाला मी ते उघडू देत नाही. काही जण या बिजागऱ्यांऐवजी गॅसच्या दांड्या बसवतात. त्या सोयीच्या असतीलही, पण त्यांच्यासाठी पत्र्याला नवी भोके पाडावी लागतात. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांच्या नोंदणीसाठी 2021 मध्ये जे नियम आले, त्यांतही गाडी मूळ रूपात असण्यावर भर आहे. मला ती भोके नकोत.

जून ते सप्टेंबर हा खरा कस होता. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, हवेत मीठ असतेच, आणि आमच्या भागातला तांबडा चिखल चाकांवरून उडून थेट बिजागऱ्यांपर्यंत पोहोचतो. सांधे मोकळे करताना जिथला रंग गेला होता, तिथे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच तांबूस डाग आले. डब्ल्यूडी-40 मारून पाहिले, पण ते पातळ असल्यामुळे पहिल्याच जोरदार सरीनंतर काही उरले नाही. नंतर प्रत्येक रिव्हेटवर इंजिन ऑइलचे दोन थेंब आणि बाहेरून लिथियम ग्रीसचा पातळ हात, असे दर पंधरा दिवसांनी करत गेलो आणि डाग तिथेच थांबले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेतून गणपती याच पिकअपमधून आणला. वाटेत इंजिन तापल्यामुळे भर पावसात बॉनेट दोनदा उघडावे लागले. ते वर गेले, वरच राहिले आणि मिटताना कुठेही अडले नाही. बांबूचा टेकू भावाने सवयीने बरोबर घेतला होता, तो गणपतीच्या पाटाखाली टेकण म्हणून वापरला.

दरम्यान जुनी जोडी डिचोलीतल्या एका लेथवाल्याकडे दिली होती. 2012 मध्ये खाणी बंद पडल्यापासून इथले बरेच लेथ थंडावले, पण जे उरले आहेत त्यांचे हात अजून तसेच आहेत. त्याने झिजलेले रिव्हेट ड्रिलने काढले, लंबगोल झालेली भोके गोल करून त्यांत पितळी बुश बसवले आणि खांदा असलेल्या नव्या पिना ठोकून दिल्या. जोडीचे 2,400 रुपये घेतले. काम झाल्यावर ती बिजागरी हातात धरली तेव्हा ती नव्या बिजागरीपेक्षा मोकळी फिरत होती आणि आडवी हालचाल नव्या इतकीच कमी होती. पत्रा मूळचा, म्हणजे जाड. फक्त तुटलेल्या स्प्रिंगचा प्रश्न उरला होता, आणि सुट्या स्प्रिंगांची जोडी बिजागऱ्यांच्या किमतीच्या एक चतुर्थांशात मिळते, हे मी आधी पाहिलेच नव्हते.

म्हणून ज्यांच्या बिजागऱ्यांच्या पट्ट्या सरळ आहेत आणि नुसते सांधे झिजले आहेत, त्यांनी या खोक्याच्या वाटेला जाऊ नये. लेथवाल्याकडे जावे आणि स्प्रिंगा तेवढ्या मागवाव्यात. पट्ट्या वाकलेल्या असतील, पत्रा गंजून जाळी झाला असेल किंवा बिजागऱ्याच हरवल्या असतील, तर हा माल घ्यायला हरकत नाही. मात्र त्यासाठी डिझेलची बादली, शिकंजा, गोल कानस आणि 5/16 चे बोल्ट आधीच आणून ठेवावेत. पाचांपैकी तीन गुण देतो, आणि त्यांतला एक मेस्त्रींचा आहे. त्यांचे बाविसावे नाणे अजून मिळालेले नाही. साखळीच्या रस्त्यावर, दुसऱ्या गियरमध्ये, उजव्या मडगार्डच्या आत कुठेतरी ते वाजते.